कोंडीदादा आन कुंपनाआतला ससा

त्या दिवशी सकाळी कंपनीचा वाचमन सोनबा रातपाळी सुटून सायकलवर थेट काळेवाडीला आमच्या दारात आला. दादा तोंड धूत व्हता. सोनबा म्हनला, "कोंडीराव, उरका. तुमचा पावना आलाय. पहाटं गेटासमोर टेम्पोखाली घावला. गोनपाटाखाली झाकून ठिवलाय."

पावना म्हंजी ससा. सोनबा सशाला असंच म्हनायचा.

दादानं तोंड बी नीट पुसलं न्हाई. पिशवीत दोन रुंद तोंडाच्या बाटल्या, फार्मालीनची शिशी, पितळी चिमटा, ब्लेड आन पांढरी चिनीमातीची बशी टाकली. मला म्हनला, "चतुरे, पांढरा दोरा दे गं." मी वाकळ शिवत बसले व्हते, त्येच रिळातनं हातभर तोडून दिला. तानुवैनी आतनं वरडली, "भाकरी तर खाऊन जावा. मेलेला ससा काय पळून जातोय का?"

"पळत न्हाई, सडतो," दादा म्हनला. "ऊन व्हायच्या आत पोट उघडाय पायजे."

आन गेला. फेब्रुवारी म्हैना, एक्क्याऐंशी साल, मंगळवार. साडेदहाला सोनबाच परत आला. ह्या बारीला त्येनं सायकल आंगनात आडवीच टाकून दिली.

कंपनीच्या गेटासमोर रस्त्याच्या कडंला दादा उकिडवा बसला व्हता. ससा पुढं, बशी मांडीवर. दुसराच एक टेम्पोवाला मागं बगितल्याबिगर टेम्पो मागं घेत आला. दादाचं सगळं ध्यान हातातल्या बाटलीत. सोनबा लांबनं वरडला म्हनं, पन कंपनीचा भोंगा चालू व्हता.

मेला माझा भाऊ. त्येचं दुख्ख मी करीन, मरस्तवर करीन. पन मला जे सांगायचंय ते पुढचंच हाय.

पाचव्या दिवशी पंचनाम्याची नक्कल हाती आली. आमच्यात कुनाला ते सरकारी अक्षर लागंना. शेजारच्या छबूबाईची सून सातवी शिकलेली, तिला बोलावलं. ती वाचता वाचता थांबली. वैनीकडं बगितलं, माझ्याकडं बगितलं. मी म्हनलं, "वाच की गं." तिनं बारीक आवाजात वाचलं, 'मयत इसम हा रस्त्यावर मरून पडलेला ससा खाण्यासाठी सोलीत बसला असता, त्याचे स्वतःचे निष्काळजीपणामुळे मरण पावला.'

खाण्यासाठी.

माझ्या अंगात जी आग पेटली ती आजून हाय. आमी बौद्ध मानसं. आमचा बाप धोंडीबा, त्येच्या बापाच्या बापापासनं गावची मेलेली ढोरं वढत आला. छप्पन साली सगळ्या वस्तीनं ते काम टाकलं. पाटील दारात येऊन शिव्या देऊन गेला, म्हैस तीन दिवस फुगून पडली, पन आमचा एक मानूस उठला न्हाई. दुकानदारानं मीठ बंद केलं तर बिनमिठाचं खाल्लं. आन पंचवीस वर्सांनी एक जमादार माझ्या भावाच्या नावापुढं लिवतो, मेलेलं खात व्हता! त्येनं दादाचं आडनाव इचारलं, ओव्हाळ आयकलं, बाजूला ब्लेड बगितलं, आन लिवून मोकळा झाला. टेम्पोवाला बी मोकळा.

आता दादा सशाचं काय करत व्हता ते सांगते.

बासष्ट साली दादाला पुन्याच्या एका कॉलेजात शिपायाची नोकरी लागली, प्रानीशास्त्राच्या खात्यात. तितं उद्धवराव सर व्हते. रानातली जनावरं आनून त्येंच्या पोटातलं जंत काढायचं आन कोनत्या जंताचं कोनत्या जंताशी नातं हाय ते लावायचं, ह्यो सरांचा अभ्यास. जनावर आनायचं दादानं, फाडायचं दादानं, जंत धुवून बाटलीत भरायचा दादानं. सरांनी भिंगातनं बगायचं आन विंग्रजीत लिवायचं.

नोकरी लागली तवा आबा, म्हंजी आमचा बाप, दारात आडवा झाला. "आमी मेलेलं वढनं टाकलं आन तू फाडाय चाललास व्हय रं, कोंड्या? शिकला न्हाईस, पन लाज बी न्हाई का?"

दादा म्हनला, "आबा, तवा पाटील म्हनायचा म्हनून वढायचं. ह्यात मला पगार हाय. आन आत काय हाय ते मला बगायला मिळतं."

"काय हाय आत?"

"ते बगितल्यावर सांगतो."

आबा हसला न्हाई. मंग त्येनं दादाकडनं एक कबूल करून घेतलं. कॉलेजात काय करायचं ते कर, पन मेलेलं जनावर आपल्या घराच्या उंबऱ्याच्या आत कवा आनायचं न्हाई. दादानं ते मरस्तवर पाळलं. उंदीर बी कवा घरात आनला न्हाई. वाटंत जनावर घावलं तर तितंच, वाटंच्या कडंला बसून उघडायचा. बाटल्या बी दाराबाहेर, लिंबाखालच्या पेटीत. म्हनून त्या दिवशी त्यो रस्त्यावर बसला व्हता. मेलेलं घरात आनायचं न्हाई म्हनून. आन कागदावर काय आलं, बगा.

दादा चौथी शिकलेला, पन जंताचं सांगाय लागला की च्या गार व्हायचा. म्हनायचा, "चतुरे, जंताला बी भावकी असती बरं का. घुशीच्या पोटातला बारीक जंत आन शेतातल्या उंदराच्या पोटातला, ते चुलत चुलत. का, तर घूस आन उंदीरच चुलत चुलत. त्येंचा मूळ पुरुष एक व्हता, त्येच्या पोटातल्या जंताचा बी एक. जनावरांची घरं वायली निघाली, तसं जंत बी वायलं निघालं."

"आन चिचुंद्री?" मी इचारलं.

"ती उंदरावानी दिसती. पन तिच्या पोटातली भावकीच निराळी. तोंडावनं तू फसशील, पोटावनं न्हाई."

वैनी चुलीपुढनं म्हनायची, "लोकांची मालकं कंपनीतनं बोनसची भांडी आनत्यात. आमचं आनत्यात जंताची भावकी. वाढू का ताटात?" दादा हसायचा, "ते आधीच जेवल्यात."

पन एक जंत असा व्हता की त्येनं दादाची झोप घालवली. मेंढीच्या पोटात एक जंत असतो, रगत पिनारा. लाल आन पांढऱ्या दोऱ्याला पीळ घातल्यावानी दिसतो, भिंग लागत न्हाई. दादा त्येला पिळ्या म्हनायचा. बाटलीत घातला की लाल रंग उतरतो, पन पीळ ऱ्हातो. तर ह्यो पिळ्या दादाला चाकणच्या माळावरच्या सशात बी घावला. सशाचं आन मेंढीचं नातं न्हाई, सशाचं सोताचं बारीक पांढरं जंत आतड्यात निराळंच असत्यात. मंग पिळ्या आला कुटनं?

सर म्हनलं, ही फार जुनी भावकी आहे, मूळ पुरुषापासून चालत आलेली. ते त्येंच्या लेखात बी छापून आलं.

दादा म्हनला, "सर, ही भावकी न्हाई. हा शेजार हाय."

धनगराची मेंढरं माळावर चरत्यात. त्येंच्या लेंडीतनं जंताचं पिल्लू गवतावर चढतं. संध्याकाळी ससा त्येच गवत खातो. दादानं हे बसून बगितलं व्हतं, धनगराच्या वाड्यावर जाऊन दोन दोन दिवस. सर म्हनलं, "पुरावा काय?"

तर पुरावा आपून येऊन पडला. सहासष्ट साली भोसरीच्या पुढं एका कंपनीनं दीडशे एकर माळ घेतला आन तारंचं कुंपन घातलं. सोनबाच्या बापाचीच जमीन व्हती त्यात. जमीन गेली, आन सोनबा त्येच जमिनीवर वाचमन झाला. कुंपनाच्या आत मेंढरं बंद, गवत कमरंइतकं. ससं मातर आतच ऱ्हायलं, त्येंना बाहेर यायचं कामच न्हाई, चुकून एखादा गेटातनं सुटायचा तेवढाच. दादाला हे पटकन उमगलं. कुंपन घातलं त्या वर्सी तितलं पाच ससं बगितलं, चारात पिळ्या. मंग वर्सावर्साला बगत गेला. कमी कमी होत गेलं. पिळ्या सशाच्या घरचा आसता तर मेंढरू गेल्यावर त्यो का गेला आसता?

बाटल्यांवर सरांची चिठ्ठी आसायची, ससा, तारीख, पुणे जिल्हा. बास. जागा न्हाई. जागा दादाच्या दोऱ्यात. सशाला पांढरा दोरा, घुशीला काळा, चिचुंद्रीला हिरवा. मेंढराच्या माळावरचा ससा आसंल तर एक गाठ. कुंपनाआतला आसंल तर दोन. दोरं सगळं माझ्या वाकळंच्या रिळातलं. दहा वर्सांचं काम त्या गाठीत व्हतं.

शहात्तर साली आमचा आबा गेला. दादा तीन दिवस मातीसाठी गावाला. तवाच कॉलेजात बाहेरची कमिटी बगायला यायची व्हती. सरांनी त्येंच्या नव्या मदतनिसाला सांगितलं, ही लक्तरं काढून टाका. कात्रीनं सगळं दोरं कापलं आन बाटल्या उंचीनुसार लावल्या. उंचीनुसार! दादा चौथ्या दिवशी गेला तर दोऱ्यांचा गुंता कचऱ्याच्या डब्यात.

त्येनं इचारलं तवा सर म्हनलं, "कोंडीराम, प्रयोगशाळा आहे ही. नवसाचं झाड आहे का दोरे बांधायला?"

"नवस आमी छप्पन साली सोडलं, सर," दादा म्हनला. "ती जागा व्हती."

"मग कागदावर लिहायचीस."

चौदा वर्सात कुनी त्येच्या हातात पेन्सील दिली नव्हती. आन बाहेरगावच्या कुना सायबानं सरांना पत्र धाडून इचारलं, की कोनता ससा कुटला, तर सरांनी कळवलं, शिपायानं घोळ केला. घोळ शिपायानं केला!

घरी येऊन दादा एवढंच म्हनला, "चतुरे, माझं नाव नको मला. पन जंताला नको त्या घरात नेऊन बसवलं."

तवापासनं त्यो आपल्याच पायानं लागला, सुट्टीच्या दिवशी. बहात्तरचा कायदा आलेला, ससा मारायचा न्हाई. दादा तसा बी मारायचा न्हाई. गाडीखाली आलेलाच घ्यायचा. म्हनून सोनबाला सांगून ठिवलं व्हतं. म्हनला, "कुंपन घातलं तवा पाचातल्या चारात व्हता. आता पाचातल्या एकात बी न्हाई, हे दाखवीन. पाच झालं की सरांच्या टेबलावर ठिवतो." पाच वर्सात चार ससं घावलं. चारीत पिळ्या न्हाई. मंगळवारचा पाचवा.

पंचनामा वाचला त्येच्या दुसऱ्या दिवशी मी आन वैनी पुन्याला सरांकडं गेलो. म्हनलं चार वळी लिवून द्या, कोंडीराम कॉलेजात एकोनीस वर्सं जंत काढायचा, ससा खायला न्हाई तर तपासायला उघडला. सर खुर्चीत बसून आयकत व्हते. आमाला बसा म्हनलं न्हाई.

"वाईट झालं," म्हनलं. "पण त्या दिवशी तो कॉलेजच्या कामावर नव्हता. रजेवर होता. आणि ससा संरक्षित प्राणी आहे. मी लिहून दिलं तर उद्या मलाच विचारतील."

"मेलेल्या सशाला कसलं संरक्षन, सर?" वैनी म्हनली. वैनी कवा कुना सायबापुढं बोलली नव्हती.

मी पिशवीतनं पाचवी बाटली काढून टेबलावर ठिवली. सोनबानं ती उचलून आनली व्हती, फुटली नव्हती. दादा आडवा पडला पन बाटली गवतात उडाली, तिला वरखडा बी न्हाई. म्हनलं, "निदान ही बगा. त्येचा पाचवा हाय."

सरांनी बाटली बोटानं लांब सारली. "नोंद नाही, जागा नाही. काय बघू मी यात?"

जागा नाही! मी बाटली उचलली. तवा माझं ध्यान गेलं. मानंला पांढरा दोरा व्हता, आन गाठ एकच. दुसरी मारायच्या आत टेम्पो आला. एक गाठ म्हंजी मेंढराचा माळ. दादाचा शेवटचा ससा बी नको त्या जागेचा होऊन बसला व्हता. तितनं निघालो. सडकंला आल्यावर वैनी म्हनली, "एकोनीस वर्सं त्येच्या टेबलावरची धूळ पुसली ह्यांनी."

दादाच्या पुन्यानुमोदनाला मानसं आली, वंदना झाली, जेवनं झाली. सगळी गेल्यावर सोनबा मागं ऱ्हायला. मान खाली घालून म्हनला, "चतुराबाई, एक इचारू? लोकं म्हनत्यात पंचनाम्यात काय वंगाळ लिवलंय. खरं हाय का?"

मी म्हनलं, "तुमचाच अंगठा हाय की त्येच्यावर, सोनबा. पंच म्हनून."

तो चरकला. "माझा?"

"वाचून दावलं न्हाई तुमाला?"

"पोलीस म्हनला अंगठा कर, मी केला." छबूबाईच्या सुनेनं परत वाचलं. सोनबानं डोक्याचं पागुटं काढलं. "खायला? कोंडीराव? मटन बी शिजताना बगून खायचा त्यो. सशाचं मांस तर तितंच पडलं व्हतं रस्त्यावर, कावळं बसलं व्हतं. आतडं तेवढं बाटलीत. आतडं न्हेऊन मांस टाकतो का कुनी खानारा?"

मी म्हनलं, "हेच सांगायला कोन न्हाई."

मंग मी बाटली आनली. उंबऱ्याबाहेर, लिंबाखाली, पेटीतल्या दादाच्या दुसऱ्या बशीत वतली. त्येनं मला दाखवलं व्हतं कसं बगायचं, पानी घालायचं, काडीनं पसरायचं. वासानं डोळ्याला पानी आलं, सगळ्यांच्याच. आतड्याच्या शेवटाला सशाचं घरचं बारीक पांढरं जंत दिसलं. पोटाची पिशवी पालथी केली, घडी घडी उलगडली. पिळ्या न्हाई. एक बी न्हाई.

सोनबा वाकून बगत व्हता. "म्हंजी आमच्या माळावरची मेंढरं गेली आन सशाचं दुखनं बी गेलं?"

"व्हय."

"आन आमची जमीन बी गेली," तो म्हनला. "सशाचं तरी भलं झालं म्हनायचं." आन हसला, आन हसता हसता तोंडावर पागुटं धरलं.

दुसऱ्या दिवशी सात वाजता तो दारात हजर. रातपाळी करून, झोपल्याबिगर. "चला चौकीला. बाटली घ्या."

जमादार पान लावत व्हता. सोनबा म्हनला, "सायेब, माझा जबाब चुकला. नवा घ्या." जमादार म्हनला पंचनामा बदलत न्हाई, झालं ते झालं, घरी जावा. सोनबा बाकड्यावर बसला. मी बाटली टेबलावर ठिवून बूच काढलं. म्हनलं, "ह्ये खायला न्हेत व्हता माझा भाऊ. बगा बरं तुमाला चालतंय का." वास सगळ्या चौकीत भरला. एक शिपाई तोंड दाबून बाहेर पळाला. जमादार वरडला, "बंद कर ते बये!" मी बंद केलं न्हाई. दारात चार मानसं गोळा झाली, त्यातला एक कंपनीचा कामगार पुढारी निघाला, तो म्हनला, जबाब घ्यायला काय जातंय सायेब तुमचं?

शेवटाला जमादारानं कागद वढला. पंचनाम्यातली वळ तशीच हाय, आजून हाय, ती काय कुनी खोडली न्हाई. तिच्या खाली पुरवनी जबाब टाचला, एवढंच. मी त्येच्यावर समाधान मानलेलं न्हाई आन मानायची न्हाई.

जमादारानं लिवलं, वाचलं, 'मयत हा सशाचे पोटातील जंत तपासणीसाठी काढीत होता. मांस खाण्याचा त्याचा हेतू नव्हता.'

सोनबा म्हनला, "ससा कुंपनाच्या आतनं पळत आला ते मी सोता बगितलं. ते घाला."

"ते कशाला हवंय?"

"घाला, सायेब."

घातलं. सोनबा म्हनला, "परत वाचा." जमादारानं वाचलं. "आनखी एकदा." तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्येनं शाईत अंगठा बुडवला.

बाहेर पायरीवर आलो. मी म्हनलं, "सोनबा, बाटली धरा जरा." त्येनं दोन्ही हातानं धरली, अंगठ्याची शाई काचंला लागली. मी दोऱ्याचं टोक सोडवलं, पयल्या गाठीशेजारी दुसरी गाठ मारली आन ऱ्हायलेला दोरा दातानं तोडला.